शिंग लावणाऱ्या बाईचा स्पर्श

त्या सप्ताहाची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझं कौतुक करावं असं काहीच नाही. सत्तर सालाच्या आसपास यजमानांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बालीगंजला राहायला आलो. वर्षभरात माझा उजवा खांदा असा धरला, की हात वर जाईना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फक्त पित्त वाढलं. शेवटी मी दत्तगुरूंपुढे पोथीच्या सात दिवसांच्या पारायणाला बसले. सोवळं कडक, परक्याचा स्पर्श नाही. चौथ्या दिवशी मानही वळेना. पारायण अर्धवट राहणार, महाराजांना माझी सेवाच नकोशी झाली असणार, असं वाटून मी रडत बसले.

शेजारच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, रस्त्याने जाणाऱ्या एका बेदे बाईला हाक मारली. या भटक्या बायका दारोदार फिरून शिंग लावतात, आपल्याकडे तुंबडी लावतात तसंच. मी तिला घरात घेतलं नाही, मागच्या गॅलरीत बसवलं. तिने खांद्यावर वस्तऱ्याने बारीक चिरा दिल्या, वर शिंग टेकवलं आणि त्याच्या टोकाला तोंड लावून ओढलं. काळपट रक्त उतरलं आणि खांदा हलका झाला. आज पाणी लावू नकोस, असं बजावून तिने चूळ भरायला पाणी मागितलं. मी ते लांबूनच तिच्या ओंजळीत ओतलं. ती जाताच तिचा विटाळ धुवायला डोक्यावरून आंघोळ केली.

संध्याकाळपर्यंत चिरा सुजल्या, अंगात कणकण आली. सकाळी दार वाजलं. तीच बाई, हातात वाटलेल्या पाल्याची पुरचुंडी.

"जानताम मा, चान कोरबे," ती शांतपणे म्हणाली. मी आंघोळ करणार हे तिला आधीच ठाऊक होतं. कशासाठी करणार, हेही ठाऊक असणारच. तरी एवढ्यासाठी ती शहराबाहेरच्या बजबजहून गाडीने आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला आत नेलं आणि देवघराशेजारी पाट दिला. तिने लेप लावला, सूज ओसरेपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी मी पुन्हा आंघोळ केली नाही, तशीच पोथीला बसले.

पारायण पुरं झालं. गुरूंनी मला बरं केलं, आणि माझं सोवळं किती कोतं होतं तेही दाखवलं. आरतीला दोन्ही हात सहज वर गेले, पण तसबिरीकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.