फेलिज्मिनाच्या भिंतीवरील मुलाचा चेहरा

फेलिज्मिना पोर्तुगालमधल्या आमच्या बेझा शहरात, माझ्या शेजारच्या घरात राहते. भिंतींना चुना देणे हे तिचे आयुष्यभराचे काम. ईस्टरपूर्वी आमची गल्ली पांढरी झालीच पाहिजे. आणि पाहुणा येणार असेल, तर एरवीही चुन्याचा एक हात दिला जातो. मळक्या भिंतीपुढे पाहुण्याचे स्वागत करणे आम्ही अपमान समजतो.

तिचा एकुलता एक मुलगा हर्मिनिओ लिस्बनला बांधकामावर होता. तो छपरावरून पडून मरण पावला. फेलिज्मिना पोहोचली तेव्हा शवपेटी बंद झालेली होती. अखेरचा चेहरा तिला पाहता आला नाही.

काही वर्षांनी नगरपालिकेने भित्तिचित्रांचा उत्सव भरवला. गल्लीतील माणसांचे चेहरे भिंतींवर काढायचे ठरले. फेलिज्मिनाच्या घराची बिनखिडक्यांची भिंत निवडली गेली.

“माझं थोबाड आरशात रोज दिसतं,” ती म्हणाली. “माझ्या पोराला काढा.”

पोर्तोहून इरिया नावाची तरुण चित्रकार आली. तिने भिंत पाहून म्हटले, “किती स्वच्छ ठेवलीय, मावशी.” फेलिज्मिनाला धन्य वाटले. हर्मिनिओचा चेहरा कौलांपर्यंत उभा राहिला. त्यानंतर ती रोज सकाळी खुर्ची बाहेर मांडून भिंतीकडे तोंड करून कॉफी घेऊ लागली.

हिवाळ्याच्या पावसात रंगाचे पोपडे सुटू लागले. प्रथम केसांचे.

“फेलिज्मिना, पोराला टक्कल पडतंय,” समोरचा न्हावी सेवेरिनो म्हणाला. “माझ्याकडे धाड.”

“तुझ्याकडे धाडलं तर कानही जाईल त्याचा.”

त्या दिवशी आम्ही हसलो. पुढे कान गेला, हनुवटी गेली, ओठ गेले. मग सेवेरिनोनेही थट्टा केली नाही. फेलिज्मिना रोज पोपडे झाडून एका मडक्यात भरत असे.

ईस्टरच्या तोंडावर उत्सवाच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, त्यासाठी इरिया आली. चेहऱ्याचा आता एकच डोळा उरला होता; ते पाहून तिने भिंतीला हात लावला. तळवा पांढरा झाला.

“मावशी, चुना कधी लावला होता?”

“तू यायच्या आदल्या दिवशी. तू येणार म्हटल्यावर लावायला नको?”

इरियाने तळव्यावरची पांढरी भुकटी बोटाने चोळून पाहिली. मग हळूच म्हणाली, “माझा रंग भिंतीला धरलाच नाही. चुन्याला धरला, आणि चुना सुटतोय. मी हात लावून बघायला हवं होतं. आपण गिलाव्यापर्यंत खरवडू. मी पुन्हा काढते.”

“खरवडणार म्हणजे आधी उरलेलाही जाणार.”

“हो.”

“नको, पोरी. तो एकदा पडला, तेव्हा मी तिथे नव्हते. या खेपेला रोज पाहिलं. आता पुरे.”

“मग असंच राहू द्यायचं?”

“एका डोळ्याचा मुलगा ईस्टरला रस्त्यावर उभा करू?”

दुसऱ्या दिवशी तिने चुना कालवला आणि कुंचा लांब काठीला बांधला. इरियाने शिडी धरली. ओला चुना पाण्यासारखा पारदर्शक असतो; वाळतो तसा पांढरा होतो. म्हणून पूर्ण हात दिल्यावरही तो डोळा खालून स्पष्ट दिसत होता.

फेलिज्मिना खुर्ची मांडून बसली. मी तिच्यासाठी पाव आणि चीज नेले. तिने ते मांडीवर ठेवले, पण खाल्ले नाही. उन्हात भिंत वाळत गेली. डोळा पुरता झाकला गेला, तेव्हा ती उठली आणि खुर्ची आत घेऊन गेली.