अप्पांची चामड्याची सीट

पाऊस आला की अप्पा आधी डोक्यावरची टोपी काढत आणि ती सायकलच्या सीटवर घालत. मग स्वतः उघड्या टकलाने दुकानाच्या पत्र्याखाली पळत. "डोकं पुसता येतंय, सर. चामडं भिजलं का रुसतंय," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. मी नुकताच पाटोद्याच्या कॉलेजात लागलो होतो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं होतं.

शिवलिंगअप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून अप्पा रोज सकाळी सायकलवर निघत, ते थेट मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागत. चामड्याची सीट नवी असताना पाटासारखी कडक असते. बसणाऱ्याच्या वजनाने ती महिनोन्महिने दबत जाते, आणि एकदा एकाची झाली की दुसऱ्याला टोचते. त्यामुळे अप्पा सायकल कुणाला म्हणून देत नसत. सख्ख्या जावयाने मागितली तेव्हा त्यांनी गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली, पण सायकलला हात लावू दिला नाही.

सीटची निगा म्हणजे एक सोहळाच असायचा. तिला लावायच्या विकतच्या मलमात जनावराची चरबी असते, म्हणून ते लिंगायताच्या घरात चालत नसे. अप्पा मधाच्या पोळ्याचं मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून स्वतःचं मलम करत. तेही घराबाहेरच्या ओट्यावर, त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरातून कायमच्या हद्दपार केलेल्या वाटीत. चामड्यावर बसायचं चालतं आणि चरबी चालत नाही, हे कसं काय, असं मी एकदा खोडी काढत विचारलं. "बसणं निराळं, चोळणं निराळं," अप्पांनी निकाल दिला आणि सीट उलटी करून खालून बोट फिरवू लागले.

ती पहिली सीट काकूंच्या हातून गेली. ऐन कुरडयांच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि सीट चिंब भिजली. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. अप्पा बाहेर गेलेले बघून काकूंनी मायेने सीट काढवून घेतली, वरून करडईचं तेल चोपडलं आणि गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. भिजलेलं चामडं सावलीत सुकवायचं असतं. संध्याकाळी कुरडया छान वाळल्या होत्या आणि सीट होरपळून वाकडी झाली होती. काकू रडकुंडीला आल्या. अप्पा एवढंच म्हणाले, "कुरडया तरी झाल्या ना?"

दुसरी सीट आली आणि त्याच सुमाराला अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आज ना उद्या तोल जाईल, सायकल सोडा, असंही सांगितलं. अप्पांनी गोळ्या घेतल्या आणि सायकल काही सोडली नाही. "एवढी मऊ होऊ द्या," ते सीटवर टिचकी मारून म्हणत. "चामड्याला सांगून कळत न्हाई, सर. रोज बसूनच सांगावं लागतंय." सीट मऊ होत होती आणि हात बिघडत होता. पाना धरवेना, म्हणून सीटचा पुढचा बोल्ट ते माझ्याकडून आवळून घेत. "इवलासा, सर, इवलासा! फाटंल!" असं ओरडताना त्यांचा गालही थरथरत असे.

ऊस कारखान्याला जायला लागला की त्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रीघ लागते. काकू अंगणात तांदूळ निवडायला बसत, पण त्यांची नजर रस्त्यावर असे. माझीही. अप्पांची घंटी ऐकू येईपर्यंत मला वर्तमानपत्रातलं अक्षर कळत नसे.

एका सकाळी घंटी वाजलीच नाही. अप्पा सायकल हातात धरून चालत आले ते सरळ माझ्या दारात. धोतराला माती लागली होती, कोपर सोललं होतं. त्यांनी मला पाना मागितला, माझ्याकडून सायकलवरची सीट काढवून घेतली आणि उपरण्यात गुंडाळून माझ्याच हातात दिली.

"ट्रॉलीच्या चाकाम्होरं पडलो. डायवर चांगला होता, म्हणून हाय." ते हळू आवाजात बोलत होते. "काकूला सांगू नका. ही तुमच्याकडं ठेवा. मी मागायला येईन. मागितली तरी देऊ नका."

मी हो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी ते आले. ओट्यावर बसून सीटला मेण लावलं, फडक्याने पुसली आणि म्हणाले, "द्या बरं, एवढ्या गल्लीतून फिरवून आणतो." मी नाही म्हणालो. "कावून? ह्यो बघा हात, कसा शांत हाय." हात खरंच शांत होता. तरी मी सीट आत नेऊन ठेवली. अप्पा रागारागाने निघून गेले. ते पुन्हा येतील की नाही याची मला दिवसभर धास्ती होती.

ते आले. रोज येत राहिले. कधी लाडीगोडी लावत, कधी "तुमी कोण बे मला आडवणारे?" असं खेकसत, एकदा तर नातवाची शपथ घातली. मी रोज नाही म्हणायचो आणि रोज घाबरायचो, की आज माझ्याने नाही म्हणवणार नाही.

वर्ष होत आलं असेल. अप्पांच्या जाण्याआधीचा तो हिवाळा. एका सकाळी ते काठी टेकत आले, मेण लावलं, सीट माझ्या हातात दिली आणि घराकडे वळले. मी फाटकापर्यंत गेलो.

"अप्पा, आज मागितली नाहीत?"

"आता भ्या न्हाई, सर," अप्पा म्हणाले. "आता दिली तरी मी बसणार न्हाई."

हेच ऐकायला मी वर्षभर जीव मुठीत धरून बसलो होतो. ऐकलं आणि वाटलं, तसंच सीट घेऊन धावावं, सायकलला लावून द्यावी आणि म्हणावं, अप्पा, बसा.