मंगलची गोळी आणि माझी वही

काल सकाळी धुणं वाळत घालून मी मेथी निवडत होते. धाकटी जाऊ मंगल म्हणाली, "ताई, आजपासून बीपीची गोळी बंद. व्हिडिओत चूर्ण सांगितलंय."

तीन वर्षांपूर्वी ह्यांनीही असाच व्हिडिओ बघून गोळी सोडली. मीही मान डोलावली. महिन्याभरात हे गेले.

मैत्रिणींनो, ह्यांच्यानंतर असलं काही ऐकलं की तपासून लिहायला ठेवलेली वही मी उघडली. कोण सांगतंय, कधी, कशाच्या आधारावर, हे मोबाइलवर सहा ठिकाणी तपासून लिहिलं. गोळी सोडा असं दुसरं कुणीच म्हणत नव्हतं. चूर्ण विकणारा तोच व्हिडिओवाला निघाला.

मंगलचा नवरा हसला. "वहिनी, सातवी शिकून डॉक्टर झालात?"

"नाही भाऊजी, विधवा झाले."

आज सकाळी वही पिशवीत टाकली आणि मंगलला रिक्षाने गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलं.