मामांनी दिलेल्या परवानग्या

सकाळी मामांचे डोळे उघडण्याआधी त्यांचा हात जागा व्हायचा. तो उशीखाली जायचा, मोबाइल बाहेर यायचा, चष्मा नाकावर चढायचा आणि मग पडल्यापडल्याच मामा स्क्रीनवर तरंगणारे गोल अंगठ्याने एकेक करून कडेला सारायचे. एक गोल हवामानाचा, एक बॅटरीचा, एक कुणा अनोळखी माणसाचा नमस्कार घेऊन आलेला. सारताना तोंड चालूच असायचं. "चला, चला, मधे गर्दी करू नका. भिंतीला लागून बसा."

गोल भिंतीला लागून बसायचे आणि मामांची पाठ वळली की पुन्हा मधे यायचे.

शेजारच्या उशीवर मामी डोळे मिटून हे ऐकत असायच्या. नोकरी संपली म्हणून माणूस घरी येतो, नोकरी त्याच्या मागोमाग येते हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मामांनी उभा जन्म स्टुलावर बसून काढला होता. स्टूल एका मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर होतं. आत कोण जाणार, कधी जाणार आणि गेलेला माणूस फार वेळ आत रमला तर दार किती जोरात वाजवायचं, हे मामा ठरवायचे. सगळे पेशंट त्यांना मामा म्हणायचे, म्हणून त्यांची बायको आपोआप मामी झाली. तिला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांच्या सासूबाई एकदा छातीत कळ येते म्हणून आल्या, तर मामांनी त्यांनाही बसवून ठेवलं होतं. "कळ असेल तर बसवतंय का एवढा वेळ?" असं त्यांचं निदान होतं. दाराला कान लावून लावून ते निम्मे डॉक्टर झाले होते, आणि राहिलेलं निम्मं त्यांनी मनानेच भरून काढलं होतं.

असा हा माणूस, ज्याने तापाने फणफणलेल्या पोरांच्या आयांना ताटकळत ठेवलं, तो मुलाने दिलेल्या मोबाइलपुढे मात्र पार विरघळला.

त्याचं कारण एका शब्दात होतं. कुठलंही नवं ॲप आलं की पहिल्यांदा एक चौकोन उघडायचा, आणि त्याची सुरुवात 'कृपया' अशी असायची. कृपया परवानगी द्या.

"बघ, बघ," मामा मामींना चौकोन दाखवायचे. "याला म्हणतात रीत. माणसं नुसती घुसायची गं. 'मामा, एकच मिनिट', 'मामा, फक्त रिपोर्ट दाखवायचाय', आणि घुसायची. हा यंत्र असून आधी विचारतो."

"पण कशाची परवानगी मागतो ते तरी वाचा."

"इतक्या अदबीने मागतोय म्हटल्यावर वाचायचं काय?"

आणि मामा 'हो' दाबायचे. त्या चौकोनात पुढे स्पष्ट लिहिलेलं असायचं, की हे ॲप यापुढे बाकी सगळ्या ॲप्सच्या वर दिसत राहील. तुम्ही काहीही पाहत असा, हे मधे येईल. मामा तिथवर पोहोचायचेच नाहीत. तसंही, बाकीच्यांच्या वर दिसत राहण्यात काही वावगं असतं, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. घरात ते स्वतः दुसरं काय करत होते?

मामी म्हणायच्या, "आज मला रस्त्यात—"

"भोपळा मिळाला ना? मी म्हटलंच होतं, सकाळी गेलीस तर मिळेल."

शाळेतली मैत्रीण इतक्या वर्षांनी भेटली, ओळखही लागेना, मग दोघी हसत सुटल्या, हे सगळं मामींच्या तोंडातल्या तोंडात राहायचं. तिथे वर्षानुवर्षांची अर्धी वाक्यं साठली होती. त्यांचं वाक्य पूर्णविरामापर्यंत जायचं ते फक्त खालच्या मजल्यावर. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांची दृष्टी गेली होती, आणि मामी रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. शिक्षिकाबाई मधे बोलत नसत. त्यांना ऐकायचं असायचं. ही गोष्ट मामींना इतकी नवी होती, की पहिले काही दिवस त्यांनी अग्रलेखाबरोबर लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या.

यात मधेच कावीळ झाली. झाली नातीला, आणि झाली फक्त मामांच्या फोनात.

मुलाने फोटो पाठवला होता. नात पाळण्यात हसत होती. मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि लगेच मुलाला फोन लावला. "पोरगी पिवळी पडलीय. डोळ्यांचा पांढरा भाग बघ. मी अशी हजार पोरं पाहिलीत दारात."

"बाबा, ती खेळतेय."

"सुरुवातीला खेळतातच. रक्त तपास."

मुलगा सुनेपुढे मान खाली घालून रक्त तपासून आला. काही निघालं नाही. "लॅब बदल," मामा म्हणाले. दुसऱ्या लॅबमध्येही काही निघालं नाही, तेव्हा सुनेने मामांना फोटो पाठवणंच बंद केलं. मामांनी तो शेवटचा पिवळा फोटो स्क्रीनवर लावून ठेवला आणि येताजाता उसासे टाकत राहिले. मामींनाही पोर पिवळीच दिसायची. पण त्या फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांना वर्तमानपत्रही पिवळं दिसायचं, आणि स्वतःचा हातही. हे त्यांनी सांगायला तीनदा सुरुवात केली होती.

खालच्या शिक्षिकाबाई एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही माझ्या एकटीसाठी वाचता, हे बरोबर नाही. आमच्यासारख्यांसाठी बोलकी पुस्तकं करणारं एक ग्रंथालय आहे. वाचणारी माणसं शोधतायत. मी तुमचं नाव दिलंय."

"माझं?"

"फोनवरूनच परीक्षा घेतात. त्यांचं ॲप आहे. त्यांनी दिलेल्या वेळी हजर नाही झालात तर मग पुढच्या वर्षी. आणि मी पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघणार नाही हं, मला माझी आवडती कादंबरी तुमच्या आवाजात ऐकायची आहे."

घरात स्मार्टफोन एकच, मामांचा. मामींनी त्या दिवसापुरता तो मागितला. मामांनी तो देण्याआधी अर्धा तास फोन कसा धरावा यावर भाषण केलं.

परीक्षेच्या दुपारी मामी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या. समोर छापलेला उतारा, फोन डब्याला टेकवून उभा. वेळेला थोडा अवकाश होता. ॲप उघडलं. त्याने विचारलं: मायक्रोफोन वापरू द्यायचा का? मामींनी 'हो' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

"तुझं बोट कोरडं आहे," मामा पाठीमागून म्हणाले. "दे इकडे. असं दाबायचं."

त्यांनी असं दाबलं. मग तसं दाबलं. मग बोट जिभेला लावून दाबलं. फोनने सगळ्यांना सारखीच वागणूक दिली आणि एक नवा चौकोन पुढे केला.

"'स्क्रीनवर दुसरं ॲप दिसत असल्यामुळे ही परवानगी देता येत नाही,'" मामींनी वाचलं. त्या वाचायला लागल्या की शेवटपर्यंत वाचत. "'आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करा.'"

"काहीतरी बिघाड आहे त्यांच्याकडे. उद्या करू म्हणून सांग."

मामींनी 'सेटिंग्ज उघडा' वर बोट ठेवलं. 'इतर ॲप्सवर दिसू द्या' असं एक पान उघडलं. त्यावर नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे एक छोटं बटण, सगळी चालू. रांग खाली सरकवावी तशी वाढतच होती. डॉक्टरांच्या दाराबाहेर एवढी माणसं कधी एका वेळी बसली नसतील.

"हा कोण?"

"टॉर्च."

"टॉर्चला सगळ्यांच्या डोक्यावर कशाला बसायचंय?"

"त्याने मागितलं."

मामींनी बटण बंद केलं. "हा?"

"तो फोन थंड करतो."

"फोन तापतो का?"

"हा घेतल्यापासून तापतो."

बंद. "आणि हे?"

"मांजर आहे."

"कसलं मांजर?"

"काही नाही गं, स्क्रीनवर चालतं. आपण फोन ठेवला की झोपतं. त्याला कशाला—"

बंद. मामांचा आवाज चढला. "हे बघ, एकदा आत घेतलेल्याला मी बाहेर काढत नसतो. सगळी हयात मी असं केलेलं नाही. चार लोकांत माझ्या शब्दाला किंमत आहे."

"आत कुठे घेतलंत?" मामी मान वर न करता म्हणाल्या. "दारातच उभे केलेत सगळे. आतलं काही दिसतच नाही."

मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की वाक्य संपलेलं आहे. मधे शिरायला जागा राहिलेली नाही.

रांगेत शेवटचं नाव 'डोळ्यांची काळजी' असं होतं. "त्याला हात लावू नकोस," मामा घाईने म्हणाले. "डोळ्यांचं आहे ते. अपाय होईल."

मामींनी तेही बंद केलं. क्षणात स्क्रीनवरून पिवळट झाक निघून गेली, जशी काचेवरची धूळ पुसावी. मामींनी ते पान मिटलं तेव्हा स्क्रीनवर लावलेला नातीचा फोटो समोर आला. गाल गुलाबी, डोळे पांढरेशुभ्र, हसू जसंच्या तसं.

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"पोरगी बरी झाली," मामा म्हणाले.

मामींनी फोन घेऊन पुन्हा डब्याला टेकवला.

"लॅब बदलली ते बरं केलं," ते पुढे म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्याला अडखळून बाहेरच्या खोलीत निघून गेले.

या वेळी 'हो' दाबल्याबरोबर लागलं. ग्रंथालयातल्या बाईंचा आवाज आला. त्यांनाही दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. मामी वाचू लागल्या. उतारा दीपस्तंभाच्या राखणदाराबद्दल होता. तिसऱ्या ओळीला बाहेरून आवाज आला, "श्वास घे जरा! पळतेस कशाला?"

"तुमच्या मागे कुणी आहे का?" बाईंनी विचारलं.

"आमचे मिस्टर."

"त्यांनाही वाचायचंय?"

"नाही. त्यांना फक्त बोलायचंय."

बाई हसल्या. मामींनी उठून दार लावलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आवाज सुरुवातीला थरथरला, मग पाण्यावर तेल पसरावं तसा सपाट, स्वच्छ पसरला. समुद्र आला, वारा आला, दिवा लागला. दारापलीकडून एकदा खोकला आला, एकदा "अगं" असा अर्धा शब्द आला, आणि मग तोही थांबला. उतारा संपला तेव्हा मामींना समजेना, आता पुढे काय करायचं. या घरात एवढं लांब त्या कधी एकटीने बोलल्याच नव्हत्या.

"आवाज आम्हाला हवाय," बाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. पुस्तकात दुसरा आवाज चालणार नाही. ऐकणाऱ्याला पान दिसत नाही, त्याला फक्त तुम्ही असता. मधे कुणी आलं तर तेवढं कापायचं, ते वाक्य पुन्हा वाचायचं."

अट ऐकायला सोपी होती. मामी फोनवरच रेकॉर्डिंग करायला आणि त्यातलं नको ते कापायला शिकल्या. शिकायला साधन भरपूर होतं. पहिल्या पुस्तकात मामा चहाची आठवण करून देत होते, बाहेर कुत्री का भुंकतायत ते सांगत होते, एका प्रेमाच्या प्रसंगात चष्मा शोधत होते. नायिका दारात उभी राहून शेवटचं विचारते, "तू येशील ना?" आणि मामा उत्तर देतात, "वर कपाटावर बघितलंस का?" मामींनी ते कापलं. कादंबरी जेवढी जमली, जवळजवळ तितकीच लांब मामांची एक कादंबरी कापली गेली, आणि ती कुणीच ऐकली नाही.

फोनचंही तसंच. आठवडाभराने मांजर परत आलं.

"कुणी आत घेतलं याला?"

"त्याने परत विचारलं," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

त्यानंतर मामींनी नियमच करून टाकला. वाचायला बसण्यापूर्वी त्या ते पान उघडायच्या, मामांनी कालपासून ज्यांना ज्यांना होकार दिलाय त्यांची बटणं बंद करायच्या, आणि मग पुस्तक उघडायच्या. त्यावरून भांडण नाही, समजूत नाही. काही दिवशी दोन नावं असायची, काही दिवशी पाच. मामा रुसायचे, आणि संध्याकाळी नवं काहीतरी घ्यायचे.

सुनेने पुन्हा फोटो पाठवायला सुरुवात केली. मामा ते बघून म्हणायचे, "बघ, वेळेवर सांगितलं म्हणून." खालच्या शिक्षिकाबाईंनी कादंबरी दोनदा ऐकली. मामा मात्र वाचनाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. दुपारी आपण झोपतो, असं ते सगळ्यांना सांगत.

चौथं पुस्तक अर्ध्यावर असताना मामांना दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे ते जे बोलले ते दवाखान्यातलं बोलणं होतं: पाणी, कूस, सलाईनची सुई. ते घरी परत आले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी मामी अर्धं राहिलेलं प्रकरण पुरं करायला बसल्या. मागचं कुठवर आलं होतं ते ऐकलं, तर आपल्या आवाजाच्या मधे बाहेरच्या खोलीतून तो आवाज आलेला. अट ती अट. ऐकणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. मामींनी ते वाक्य कापलं आणि आपलं वाक्य पुन्हा वाचलं. कापण्याआधी एकदा ऐकलं, एवढंच.

"अगं, जरा मोठ्याने वाच. इथे पोहोचत नाही."