एका फळीची रेहल

देगलूर नाक्यावर सुतारकाम करणाऱ्या लालमहंमद मिस्त्रींची लेक मुबश्शिरा नांदेडातच फर्निचर डिझाइन शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक वस्तू स्वतः कागदावर काढायची आणि स्वतःच घडवायची होती. बाकीच्यांनी स्टूल, टीपॉय असं सरळ काम धरलं. बाईसाहेबांनी धरली रेहल! कुराण ठेवायची ही घडीची घोडी सागाच्या एकाच फळीतून निघते. जोड नाही, खिळा नाही. मधल्या बिजागरीचे दातसुद्धा त्याच लाकडात कोरायचे आणि फळी जाडीत चिरून अलगद उलगडायची.

दोन फळ्या उलगडताना दातांशीच तडकल्या. अब्बांना विचारलं असतं तर त्यांनी हात धरून दाखवलं असतं. पण मिस्त्रीच्या पोरीने विचारायचं म्हणजे कमीपणा! तिसऱ्या वेळी तिने सरळ दोन वेगळ्या फळ्या घेतल्या, दातांतून बारीक सळई घातली, भोकं भुसा-फेविकॉलने बुजवली आणि वर पॉलिश मारलं. शेजारी चिठ्ठी लावली: 'एकाच फळीतून.'

प्रदर्शनात रेहलीला पहिला नंबर मिळाला. तिचे शिक्षक संगमेश्वर सर खूश होऊन प्रदर्शन बघायला आलेल्या अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही जाणकार. बघा बरं, एकाच फळीची आहे ना?"

अब्बांनी रेहल उघडली. डावीकडच्या लाकडाच्या रेषा एकीकडे, उजवीकडच्या भलतीकडे; एका फळीच्या असत्या तर जुळल्या असत्या. ते त्यांना दिसलं, आणि त्यांना दिसलं हे मुबश्शिराला दिसलं. तीस वर्षांत या माणसाने कुणाला बाभूळ साग म्हणून दिली नव्हती.

"हाव साहेब," ते म्हणाले, "एकाच फळीची."

फाटकापर्यंत तिला मान वर करता आली नाही. "अब्बा, तुम्ही खोटं कामून बोललात?"

"आधी तू बोलून बसली व्हतीस, बेटा. चार लोकांत लेकीला खाली पाडू का?"

तिला रडू फुटलं. सरांना खरं सांगून येते, म्हणाली. "चल," म्हणत अब्बाही मागे वळले. तिला वाटलं, सोबतीला येतायत. पण सरांच्या खोलीत तेच पुढे झाले. टोपी सारखी केली, मान खाली घातली.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो. माफी करा."

बस, एवढंच. लेकीचं नाव त्यांनी घेतलंच नाही. सरांच्या कपाळावर आठी चढली ती अब्बांकडे बघून. मुबश्शिराला लाजेने तोंड कुठे लपवावं कळेना.

"ते नाही, सर," ती कशीबशी म्हणाली, "खोटं मी बोलले."