राखीव आंधळा

वाढवणच्या मोतीराम तांडेलाची नजर अशी, की आभाळाच्या कडेला शीड दिसलं तर होडी कुणाची ते सांगेल, आणि वल्ह्यावरच्या गड्याची कालची उतरलीय का नाही तेही. पण त्या नजरेला एकच माणूस सलायचा. त्याचा साडू नारू.

नारूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समुद्रावर जाणं बंद. बायको पुतळी मासळी विकायची आणि हा बांबूच्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांवरचे कावळे हाकायचा. कावळा दिसायचा नाही, म्हणून चारी दिशांना हाकायचा. तरी ताटात सरंगा असायचा, ते मोतीरामच्या पोटात दुखायचं.

पासष्ट साली लढाई लागली. तालुक्याचे साहेब किनाऱ्यावर आले. विमान दिसलं की शिट्टी फुंकायला गावात एक माणूस नेमायचा होता. खाकी सदरा, पितळी शिट्टी, बसायला लोखंडी खुर्ची. मोतीराम सगळ्यांना ढकलून पुढे.

"ती लांबची होडी कुणाची?" साहेबांनी पारखलं.

"लहान्याची. शिडाला ठिगळ हाय. माझ्या बायकोनं लावलेलं, म्हणून वाकडं."

"शाब्बास! काम काय करतोस?"

"तांडेल हाय, सायब. होडी मीच हाकतो."

"मग नाही जमणार. मासळी म्हणजे अन्नपुरवठा. धडधाकट माणूस होडीवरून काढायचा नाही, असा हुकूम आहे. होडीवर न जाणारं कोण आहे?"

नारूनं हात वर केला, साहेबांकडे पाठ करून.

"तू का जात नाहीस?"

"दिसत नय, सायब."

"मग हाच."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पुतळीचा हंडा भरता भरेना. "आमच्याकडं आता सरकार बसतं खुर्चीवर. उठवायचं तं सायबाला इचारावं लागंल," असं ती बहिणीला ऐकवत होती. ती बहीण म्हणजे मोतीरामची शांती. तिनं घरी येऊन तवा आपटला. "तुमच्या डोळ्यांचं काय आता लोणचं घालू?"

मोतीरामनं काही दिवस गिळलं. मग एका सकाळी तो आंधळा झाला. दाराच्या चौकटीला आपटला, डहाणूच्या कचेरीत साहेबांच्या टेबलाला आपटला, त्यांचा चहा सांडला.

"सायब, मनाबी दिसत नय. शिट्टी द्या."

साहेबांनी त्याला तिथल्या तिथं कागदावर होडीवरून उतरवलं. "जागा मात्र भरलेली आहे. नारूचं काही बरंवाईट झालं तर तू. तोवर राखीव."

"राखीव काय?"

"राखीव आंधळा."

होडी धाकट्या भावाकडे, चिमणकडे गेली. मोतीराम खुर्चीच्या पायाशी रेतीत बसू लागला. नारूची तब्येत रोज सुधारत होती.

"साडू, ते काय उडतंय? कावळा का विमान?"

"मना काय इचारतंस? मीबी आंधळाच नं?"

एका दुपारी खरंच विमान आलं. चिलटाएवढं होतं तेव्हाच मोतीरामनं हेरलं. जीभ शिवशिवली. पण सांगितलं तर फुंकणार नारू, आणि कौतुकही नारूचंच. त्यानं दात आवळले. डोक्यावरून घरघर गेली.

"डहाणूची बस लवकर आली काय रं?"

"हां. बसच."

दुसऱ्या दिवशी साहेब शाल-नारळ घेऊन हजर. विमान आपलंच होतं. "झरीला शिट्टी वाजली, उधव्याला वाजली, बैल उधळले, माणसं विहिरीत उतरली. आपलं विमान ओळखलं ते एकट्या वाढवणच्या पहारेकऱ्यानं!"

"त्यानं नय, सायब!" मोतीराम उसळला. "मी बगलं! मना दिसतं!"

"तू आंधळा आहेस."

"नय हो, चांगलं दिसतं!"

"ते डॉक्टर ठरवतील. लढाई संपल्यावर ये."

नारूला शालीसाठी आणि नारळासाठी दोन्ही हात मोकळे हवे होते. "साडू, धर जरा," म्हणून त्यानं शिट्टी पुढे केली. नारूच्या थुंकीनं ती ओली होती. मोतीरामनं पुसलीदेखील नाही. तोंडात घातली आणि छाती फुटेस्तोवर फुंकली.

बाया टोपल्या टाकून पालथ्या पडल्या. साहेब वलांडीखाली शिरले, डोक्यावर बोंबील. एकटा नारू शालीत उभा, कपाळावर हात धरून, तोंड भलतीकडे.

"कुठं हाय रं, साडू?"

मोतीरामनं स्वच्छ निळं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"मना काय ठावं," तो म्हणाला, आणि पुन्हा फुंकली.