दोन शेगड्यांतली एक

वर्तक काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीपाशी जात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा थर्मामीटर असे. तो कोपऱ्याकोपऱ्यात धरून यजमानांना सांगत, "तुमच्या सोफ्यामागे एकसष्ट फॅरनहाइटच आहे बरं का." मग नमस्कार, मग चहा. एकांकडे गणपतीच्या आरतीलाही त्यांनी हा उद्योग केला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, देवाला तरी सोडा!"

पेनसिल्व्हेनियात, कोळशाच्या जुन्या खाणींच्या गावात त्यांचं दोन मजली घर होतं आणि मी वरच्या खोलीत भाड्याने राहून पीएचडी करत होते. काका कारखान्यात मशिनं डिझाइन करून रिटायर झालेले. काकू रत्नागिरीच्या. किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंगात दोन स्वेटर, वर शाल, तरी म्हणायच्या, "मला हाडात गार वाटतं गं." आदल्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळात तीन दिवस लाइट गेली, घर तापवणारा फर्नेस बंद पडला, आणि काकांनी काकूंना अंगणातल्या गाडीत हीटर लावून बसवून ठेवलं. ते काकांच्या मनातून कधी गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात ते कोळशाचा स्टोव्ह शोधायला लागले. आम्ही त्याला शेगडीच म्हणायचो. दुसऱ्या राज्यातल्या फ्रिस्कोहून त्यांची मुलगी रश्मी फोनवर वैतागायची, "बाबा, नोबडी बर्न्स कोल एनीमोर! जस्ट गेट अ जनरेटर." काका शांतपणे म्हणत, "बघूनच घ्यायचं." हे त्यांचं पेटंट वाक्य, मग टोस्टर असो की जावई.

दुकानात शेगड्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक ऑटोमॅटिक: पेटीत बारीक कोळसा भरला की दोन दिवस बघायला नको, पण तिला वीज लागायची. दुसरी हाताने भरायची, अक्रोडाएवढ्या कोळशाची. तिला वीज नको, मात्र सकाळ-संध्याकाळ माणूस हवा. काकांनी वहीत तक्ते केले, धुराड्याची मापं घेतली, तीनदा दुकानात गेले. दुकानातली म्हातारी बाई शेवटी म्हणाली, "सर, यू शुड बी सेलिंग दीज." ऑक्टोबरात निर्णय झाला. हाताने भरायची. "विजेवर माझा भरवसा नाही. हिला पुन्हा गाडीत बसवणार नाही मी."

आणि खरंच, त्या उबेत काकू खुलल्या. एक स्वेटर उतरला. खुर्ची शेगडीजवळ ओढून त्या पाय पसरून बसायच्या आणि मला कुळथाच्या पिठल्याची गोष्ट सांगायच्या. काका रोज सहाच्या ठोक्याला, दोन्ही वेळा, राख झाडून कोळसा घालत.

एकदा ते दोघं डायलिसिसला गेले असताना मी शेगडी सांभाळायचं कबूल केलं. जाळ मंद वाटला. आमच्याकडे शेगडीवर वांगी भाजताना आई करायची तसं मी दार उघडून निखारे वरून खालपर्यंत ढवळले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. तासाभरात सगळं विझलं. इथला दगडी कोळसा वरून ढवळला की दाबून बसतो आणि खालची हवा अडते, हे मला कुठलं ठाऊक? काका रागावले नाहीत. काकूंना रजईत गुंडाळून त्यांनी तीन तास खपून शेगडी पुन्हा पेटवली. एवढंच म्हणाले, "माणसं चांगली असतात, त्यांना जाळ कळत नाही." त्यानंतर तिला हात लावायची मला बंदी झाली.

जानेवारीत काकूंना इन्फेक्शन झालं आणि त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. चाळीस मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, "काका, तुम्ही तिथेच थांबा. शेगडी मी बघते."

"तुला जमायचं नाही ते."

"मग विझू दे ना. फर्नेस आहे."

"फर्नेसची ऊब ती ऊब नव्हे. हॉस्पिटलातून आलेल्या माणसाने गार घरात पाऊल टाकायचं नाही." आणि ते रोज दोनदा, बर्फातून, त्या शेगडीसाठी घरी येत राहिले. मला त्यांचा राग यायचा, कीवही यायची.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते गुडघ्यांवर बसून राख काढत असताना त्यांच्या कोटातला फोन वाजला. त्यांचे हात भरले होते म्हणून मी घेतला. नर्सने लगेच यायला सांगितलं. गाडी मी चालवली. आम्ही पोचलो तेव्हा काकू गेल्या होत्या. काकांनी काकूंचा हात धरला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बोटांना राख तशीच होती.

सगळं पार पडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी खाली आले. रश्मी सोफ्यावर झोपली होती. काका पेटत्या शेगडीपुढे बसले होते. "ये," ते म्हणाले. त्यांनी माझा हात खालच्या दांड्यावर ठेवला. "वरून शिवायचं नाही. हे असं, खालून हलवायचं. लाल निखारे पडायला लागले की थांबायचं. मग वर कोळसा."

"एवढंच?"

"एवढंच." मग ते म्हणाले, "पाच मिनिटांत शिकवता आलं असतं तुला. मला वाटायचं, माझ्यासारखं कुणाला जमणार नाही." त्यांनी दांडा सोडला. "शेवटी दाराकडे बघत असेल गं ती."

मला रडू आवरेना. कोळशाची बादली भरून ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली नाही, आणि मीही नाही.